बी.फार्मच्या फॉर्मआधी एवढं बघून घे

बारावीला बायो असो की मॅथ्स, बी.फार्मला (फार्मसीच्या चार वर्षांच्या पदवीला) दोन्ही ग्रुप चालतात, त्यामुळे तो घोर सोडून दे. प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा पर्सेंटाइल आला की खरी धावपळ कागदांची असते. जात वैधता प्रमाणपत्राचं काम आत्ताच लाव. निकालानंतर नागपुरातल्या जात पडताळणी समितीकडे अर्धा जिल्हा रांगेत असतो. ओबीसीतून भरत असशील तर नॉन-क्रीमीलेयर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जुनं चालेल म्हणणाऱ्यांचं ऐकू नको.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची. इथे पोरं उगाच हुशारी करतात, 'मिळणारच नाही' म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलतात. अरे, वर टाकल्याने काही तोटा होत नाही. अमरावती रोडवरचा नागपूर विद्यापीठाचा फार्मसी विभाग मनात आहे ना, मग तोच पहिला टाक. पण एक लक्षात ठेव, पहिल्या पसंतीचं मिळालं की ती जागा पक्की धरली जाते, प्रवेशाच्या पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून क्रम बाबांसोबत बसून लाव, मित्राचा उतरवू नको. कामठी, हिंगण्याकडचं कॉलेज टाकण्याआधी एकदा बसने जाऊन ये. चार वर्षं तोच रस्ता आहे, अन् मे महिन्यातही आहे.

कॉलेजला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या साइटवर स्वतः तपास, त्याशिवाय पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडते.

फार्मसीतला दुसरा कोर्स फार्म.डी., तो सहा वर्षांचा, रुग्णालयाकडे झुकलेला. औषध कंपनीत जायचं असेल तर बी.फार्मच बरं, असं मला वाटतं.