बैल विकले, तेव्हापासून मले कोणी इचारत नाही

पत्र : ताई, माझं वय 68. यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती आहे, आता मुलगा पाहतो. गेल्या पोळ्यानंतर त्यानं बैलजोडी विकली, मले इचारलंही नाही. संक्रांतीत माझा जोडीदार, माझा दोस्त, वारला. दिवसभर ओसरीत बसून राहतो. घरात सगळे हळू बोलतात, मी आलो की गप्प होतात. टीव्हीचा आवाज वाढवला की नातू कमी करतो. भाच्याच्या लग्नाला गेलो नाही. लघवीची घाई होते, चारचौघांत बरं दिसत नाही. कुठं जायचं असलं तर सकाळपासून पाणीच पीत नाही. परवा सुनेवर ओरडलो. आमच्या हिचं बरं आहे, तिचं भजन आहे, नातवंडं आहेत. आता म्या काय कामाचा? देवानं उचलून न्यावं असं वाटते. नाव छापू नका.

भाऊ,

शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली, पण मी आधी तीच घेते. ‘देवानं उचलावं’ हे आपल्याकडं म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात, खरं आहे. पण स्वतःच काही करून घ्यावं असं एकदा जरी मनात आलं असेल, तर आजच घरात सांगा आणि 14416 वर फोन लावा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागते, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवायला लावा आणि किल्ली वहिनींकडं राहू द्या. आपल्या जिल्ह्यात हे बोलायला लाजून चालत नाही.

आता कान. टीव्ही आणि कुजबुज या तक्रारी तुम्ही एकीखाली एक लिहिल्यात. माझा अंदाज, ती एकच तक्रार आहे. वयानं ऐकणं कमी होतं तेव्हा आधी बारीक आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि पोरांचे. शब्द अर्धवट कळतो, समोरचा मुद्दाम हळू बोलतोय असं वाटतं. घरचे दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा ‘काही नाही बाबा’ म्हणून सोडून देतात. तुम्हाला वाटतं आपल्याला वगळलं. त्यांना वाटतं म्हातारा तऱ्हेवाईक झाला. अख्खी घरं यात दुभंगतात, आणि कधी कधी कानात नुसता मळ असतो!

लघवीचंही तसंच. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची ग्रंथी वाढणं पुरुषांत अगदी सर्रास आहे. बहुतेकदा तो कॅन्सर नसतो, पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो. साखरही तपासून घ्या, तिच्यामुळंही घाई होते. पाणी तोडणं मात्र आजपासून बंद. वैशाखात पारा 44-45 वर जातो आणि तुम्ही सकाळपासून कोरडे? एखाद्या दिवशी चक्कर येऊन पडाल, मग लग्न राहिलं बाजूला, सगळं गाव तुमच्याच घरी गोळा होईल.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान आणि लघवी, दोन्ही दाखवा. तिथंच मानसोपचार विभागही आहे, त्याला बिचकू नका. पुरुषांचं मन खचतं तेव्हा ते रडत नाहीत, खेकसतात. सुनेवर काढलेला राग मला त्यातलाच वाटतो. तिची समजूत काढायची राहिली असेल तर ती काढाच. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट. श्रवणयंत्र घ्यायचं निघालं तर समाजकल्याण कार्यालयात मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं विचारा. वय 65 च्या वर आणि घरचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर एकदाच 3000 रुपये मिळतात.

बैलांचं काय बोलू? मुलानं विचारायला हवं होतं, यात दुमत नाही. पण विकायला नको होते, असं मी म्हणणार नाही. वर्षभराचा चारा, कुटार-ढेप, राखणारा माणूस, आणि काम मोजक्या दिवसांचं. हिशेब तुम्हालाही येतो. फक्त हिशेबानं दुःख जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांची खांदं तूप-हळद लावून शेकली, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून ज्यांना निमंत्रण दिलं, ती जोडी गेली म्हणून माणूस हळहळणारच. हे मुलाला सांगितलंत का? ‘तुले शेतीतलं काय समजते’ हे नव्हे. ‘बैल गेले याचं मले लय वाईट वाटलं’, एवढंच. बापाच्या तोंडून असं वाक्य ऐकायची पोरांना सवय नसते, तो गडबडून जाईल. जाऊ द्या.

आपल्याकडच्या पुरुषांची दोस्ती कामाला जोडलेली असते. डवरणीला, बाजाराला, बंडीवर सोबत असायची. चार शब्द बोललात काय, न बोललात काय. काम सुटलं की ती सोबतही सुटते. बायकांची चूल सुटत नाही, म्हणून त्यांचा मेळाही सुटत नाही. (वहिनींना विचाराल तर त्या म्हणतील, सुटली असती तर बरं झालं असतं.) म्हणून ‘लोकांत मिसळा’ असा कोरडा उपदेश मी करणार नाही. आधी काम मागून घ्या.

पेरणी तोंडावर आहे. घरचं सोयाबीन बियाणं ठेवलं असेल तर उगवण तपासायची जबाबदारी तुमची, असं मुलाला सांगा. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायजोगं. कमी आले तर पेरताना बी जास्त टाकावं लागेल, फारच कमी आले तर नवं आणावं लागेल. हे ओसरीत बसूनही होतं. आणि एकदा आकडा तुमच्या हातात आला की मुलाला तुम्हाला विचारावंच लागतं. शेजारच्या दोघातिघांचे नमुनेही मागवा. ते येतील, बसतील, निकाल घ्यायला पुन्हा येतील. तंबाखूचा खर्रा मात्र घोटू नका.

जोडीदाराच्या घरी संक्रांतीनंतर गेलात का? पत्रात तसं काही नाही. तिथंही कोणी ओसरीत बसलेलं असेल.

दवाखान्यात वहिनींना सोबत न्या, डॉक्टर काय म्हणतात ते त्यांना नीट ऐकू येईल. आणि पुढच्या पत्रात त्यांचं म्हणणंही लिहा. ‘हिचं बरं आहे’ हे तुम्ही लिहिलंत, त्यांनी नाही.

तुमची ताई