बंद कारखान्याच्या जागेवर दाट पण पर्यावरणपूरक घरं: सुरुवात कुठून?

तुम्ही विचारलंय की बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर पाचेकशे घरं आखताना आधी काय ठरवायचं, टॉवरची उंची की सोलर आणि पाण्याचं नियोजन? मी आर्किटेक्ट आहे, अशा एका जागेवर काम केलंय. माझ्या मते दोन्ही नंतर. आधी माती.

आमच्या हाती कारखान्याचा जुना नकाशा होता. त्यात सगळ्या शेड होत्या, डिझेलची टाकी मात्र नव्हती. माती तपासायला खड्डा घेतला तर दीड मीटरवर काळा पट्टा लागला. वास असा की प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघायची गरजच उरली नाही. आणि नेमका तिथेच आम्ही शोषखड्डा दाखवला होता! पावसाचं पाणी मुरवणं एरवी शहाणपणाचं. दूषित मातीत तेच पाणी घाण धुऊन भूजलात नेतं. शेवटी शोषखड्डे फक्त स्वच्छ निघालेल्या कोपऱ्यात ठेवले, बाकी पाणी अस्तर घातलेल्या तळ्यांत. यंत्रं पुसायची सॉल्व्हंट जमिनीत जिरली असतील तर त्यांची वाफ फरशीच्या भेगांतून घरात शिरते. अशा ठिकाणी तळमजल्यावर कुणाला राहायला ठेवू नका, तो हवेशीर आणि मोकळा सोडा.

बेसमेंट पार्किंगचा मोहही इथेच महागात पडतो, कारण उपसलेली दूषित माती कुठेही टाकता येत नाही. गाड्या कमी केल्या की खोदाई कमी. अ‍ॅमस्टरडॅमचं जीडब्ल्यूएल टेरेन जरूर बघा. जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या सुमारे ६ हेक्टरवर तिथे जवळपास ६०० घरं आहेत, १९९०च्या दशकातली. आत गाड्यांना मज्जाव, पार्किंग कडेला आणि तेही मोजकंच. कडेची लांबलचक इमारत वारा अडवते, तिच्या आडोशाला छोट्या इमारती आणि बागा. दाटी म्हणजे टॉवरच, हा समज तिथे गळून पडतो. पाण्याची जुनी टाकीही त्यांनी पाडली नाही.

हिरवाईसाठी स्वीडनमधल्या माल्मोची युक्ती उचला. तिथल्या जुन्या बंदर-जहाजबांधणीच्या भागात २००१ साली झालेल्या बो-०१ वसाहतीत प्रत्येक पृष्ठभागाला गुण दिले होते: डांबराला शून्य, खोल मातीतल्या झाडांना भरपूर. सरासरी किमान ०.५ भरायलाच हवी. बिल्डरशी वाद घालायला असा आकडा फार कामी येतो.

यंत्रांवर मात्र भिस्त ठेवू नका. दक्षिण लंडनमधल्या बेडझेड या पर्यावरणपूरक वसाहतीत लाकडाच्या तुकड्यांवर चालणारं वीज-उष्णता केंद्र टिकलं नाही, गॅसच्या बॉयलरवर यावं लागलं. जाड उष्णतारोधक भिंती आपलं काम करतच राहिल्या.

आणि हो, कारखान्यातला एखादा जुना कामगार शोधा. आमच्या टाकीतलं डिझेल कुठवर पसरलंय ते एका निवृत्त फिटरकाकांनी चालत चालत दाखवलं. पुढे कुंपणाजवळ थांबून म्हणाले, "आणि ड्रम इथे ओतायचो."