मानेवर हात आला आणि अंग गोठलं

पत्र: ताई, मी ३४ वर्षांची आहे. नवऱ्याची मारहाण सोसून शेवटी गेल्या वर्षी लेकीला घेऊन नाशिकला सिडकोत माहेरी आले. चिडला की तो गळाच धरायचा. अजून मान-खांदे आखडलेले असतात, झोप तुटक. धाकटी बहीण हौसेने कॉलेज रोडला मसाजला घेऊन गेली. पाठीपर्यंत ठीक होतं. मानेवर हात आला आणि मला हलताच येईना. मग घाम फुटला, रडू कोसळलं, तशीच निघून आले. वहिनी म्हणते, "एवढं काय? मालिशच तर होती." बहीण म्हणते, पुन्हा जा, सवय होईल. जाऊ का? मी वेडी होतेय का?

उत्तर: नाही हो, वेड्या होत नाही आहात. जिवाला धोका आहे असं वाटलं की पळायचं, लढायचं की गोठून जायचं हे शरीर आपल्याला न विचारताच ठरवतं. मसाज करणाऱ्या बाईंचा हात नेमका तिथे पडला, जिथे तो धरायचा. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आधी एक महत्त्वाचं. गळा दाबल्यावर बाहेर वळ नसला तरी आत इजा झालेली असू शकते, मानेतल्या रक्तवाहिनीलाही. म्हणून डॉक्टरांना गळा दाबल्याचं स्पष्ट सांगून मान तपासून घ्या. तोवर मानेवर कुणालाही जोर लावू देऊ नका. आवाज बसणं, गिळताना त्रास, चक्कर असं काही असेल तर उद्यावर टाकू नका. आणि तो अजून घरापाशी येत असेल, धमकावत असेल तर ते हलक्यात घेऊ नका. गळा धरणारा माणूस पुढे जिवावर उठण्याची भीती जास्त असते. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेशही मागता येतो.

आता मालिश. तिने आखडलेले स्नायू सैल होतात, काही काळ धडधड कमी होते, झोप बरी लागते. पण मनात बसलेली भीती एकट्या मालिशने जात नाही. त्यासाठी आघातावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून घेत त्रासदायक आठवणींची धार कमी करणारा उपचार) लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये या दोन उपचारांची शिफारस केली. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

बहिणीचं "सवय होईल" मला पटत नाही. दात-ओठ आवळून सहन केलेल्या स्पर्शाची सवय होत नाही, उलट भीती पक्की होते. सुरुवात घरी करा, स्वतःच्या हाताने. तळपायाला तूप किंवा तिळाचं तेल लावून काशाची वाटी फिरवा, आपल्याकडे आजी-आई करत आल्यात तशी. वेग तुमचा, थांबायचं कधी तेही तुमच्या हातात. बरं वाटलं तर मग आईला किंवा बहिणीला फक्त पाय चोळायला सांगा.

बाहेर जावंसं वाटलं तर बाईच असू दे, आणि आधीच बोलून घ्या. कपडे अंगावर, बसून किंवा दार दिसेल असं उताणं झोपून, पहिल्यांदा नुसते हात-पाय. प्रत्येक नवीन जागी हात लावण्याआधी त्यांनी विचारायचं आणि तुम्ही "थांबा" म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही, "मानेला हात लावू नका" एवढं पुरे. हे ऐकून जी बाई कंटाळते, किंवा "रडा, सगळं बाहेर येऊ द्या" म्हणत चोळत राहते, तिथून सरळ उठा. पैसे दिलेत म्हणून पडून राहू नका.

वहिनीला पटवत बसू नका, त्यात तुमचीच ताकद जाते. बहिणीचा हेतू चांगला होता. पुढच्या वेळी तिलाही न्या, खोलीत तुमच्याजवळ बसायला.

लेकीबद्दल तुम्ही जेमतेम उल्लेख केलात. तिने हे सगळं पाहिलं असेल, रात्री दचकत असेल किंवा गप्प झाली असेल, तर समुपदेशकांना तिच्याबद्दलही पहिल्याच भेटीत सांगा.