समुद्र डाव्या हाताला

'ताई, मी मूळचा कऱ्हाडचा, वय २८. अडीच वर्षांपूर्वी मास्टर्स करायला मेलबर्नला आलो. आता नोकरी आहे, टार्नीट या उपनगरात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो. ओळखीचं एक जोडपं जवळच राहतं. आम्हा पाच जणांत गाडी फक्त माझ्याकडे. दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे जायचं ठरतं आणि चालवायचं मीच. पेट्रोल माझं, टोल माझा, सोमवारी कामावर जाण्याआधी मॅटवरची वाळू आणि सीटच्या फटीतला चिवडा काढायचा तोही मीच. मागच्या महिन्यात ग्रेट ओशन रोडवरचे ते समुद्रातले सुळके, ट्वेल्व्ह अपॉसल्स, बघून परत येताना कोलॅक गावाच्या पुढे माझा डोळा लागला. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर चाक चढलं, टर्र असा आवाज झाला आणि जाग आली. बाकीचे चौघं झोपले होते. कुणाला कळलं नाही, मीही सांगितलं नाही. आता शुक्रवार आला की पोटात गोळा येतो. पण नाही म्हटलं तर मला बोलावणार कोण? इथे मला दुसरं कुणी नाही.'
– सारथी, मेलबर्न

प्रिय सारथी,

तुझं पत्र लांबलचक आहे, वर त्यातला थोडाच भाग छापलाय. ते वाचताना मी त्या आवाजापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. पेट्रोलचे पैसे, मैत्री, एकटेपणा, सगळ्यावर बोलू. पण आधी हे.

तो दिवस नुसता मोजून बघ. सकाळी निघालात, किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने गेलात, मध्ये दहा ठिकाणी उतरलात, वाऱ्यात फिरलात आणि सूर्यास्त बघून परत फिरलात. मे महिन्यात तिकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे परतीचे तीन तास अख्खे अंधारातले, आणि सुरुवातीचा पट्टा तर नेमका कांगारू रस्त्यावर येण्याच्या वेळेचा. सगळं मिळून साडेचारशे किलोमीटर. कऱ्हाडहून पुण्याला जाऊन परत यायचं, आणि घरी टेकायच्या आत पुन्हा साताऱ्याला एक चक्कर मारायची, जवळजवळ तेवढं. तुमच्याकडे लग्नाला म्हणून कुणी एकट्याने एका दिवसात एवढी गाडी मारायला निघालं असतं, तर तुझ्या आईने शेजारी दुसरा ड्रायव्हर बसवल्याशिवाय त्याला दारातून हलू दिलं नसतं.

तेव्हा पहिलं काम: या चौघांना ती गोष्ट सांग. याच आठवड्यात. ग्रुपवर लिहून नको, समोर बसून, जेवताना. 'त्या दिवशी परत येताना मला झोप लागली होती. आपण वाचलो. मी घाबरलोय, आणि यापुढे एकट्याने एवढं चालवणार नाही.' एवढी तीन-चार वाक्यं पुरेत. लाज वाटेल, माहीत आहे. पण त्या रात्री त्यांचा जीव तुझ्या हातात होता, त्यांना हे कळायलाच हवं. आणि ते ऐकताना त्यांचे चेहरे कसे होतात ते बघ. तुझ्या पुढच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुला तिथेच मिळेल.

यापुढे डोळे जड झाले तर गाडी बाजूला घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, च्युइंगगम चघळणं याने झोप जात नाही, आपण जागे आहोत असं फक्त वाटतं. दर दोन तासांनी थांबायचं, झोप आलेली असो वा नसो. आणि पुढच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही, हा तुमच्या गाडीचा नियम करून टाक. आपल्याकडे एसटीतही ड्रायव्हरशी दोन शब्द बोलत राहणारं कुणीतरी केबिनजवळ बसलेलं असायचंच.

आता पैशांचं. तू लिहिलंयस, 'त्यांना स्वतःहून कळायला नको का?' बाळा, नाही कळत. पहिल्या वेळी त्यातला कुणीतरी पाकीट काढत होता तेव्हा 'अरे, राहू दे' कोण म्हणालं? तूच म्हणाला असशील. आपल्या घरात तेच शिकवलेलं असतं. दारातली गाडी काढली आणि पाहुण्याकडे पेट्रोलचे पैसे मागितले, असं करतं का कुणी? संस्कार चांगलाच आहे तो. पण पाहुणा वर्षातून दोनदा येतो, हे चौघं दर आठवड्याला येतात. जेवणाच्या बिलाला तुमचं टीटीएमएम, 'तुझं तू, माझं मी', चोख असतं, डॉलर-दोन डॉलरसुद्धा अॅपवर टाकले जातात, असं तूच लिहितोस. गाडी तेवढी त्या हिशेबातून सुटली, कारण तिचं बिल कुणी टेबलावर आणून ठेवत नाही.

मग तू ठेव. साडेचारशे किलोमीटरला तुझी जुनी गाडी छत्तीस-सदतीस लिटर पिणार. लिटरला दोन डॉलर धरले तर सत्तर-पंचाहत्तर डॉलर. पाच जणांत माणशी पंधरा. एका कॉफी आणि सँडविचइतके पैसे, सारथी. एवढ्याशा रकमेवरून तू वर्षभर आतल्या आत कुढतोयस आणि चार माणसांबद्दल मनात अढी धरून बसलायस. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यालाच. पुढच्या वेळी पंपावरून निघतानाच पावतीचा फोटो अॅपवर टाक, टोलचाही टाक. स्पष्टीकरण देत बसू नकोस, माफी तर अजिबात मागू नकोस.

आणि परत आल्यावर गाडी पाच जणांनी मिळून झाडायची. चार दारं, पाच माणसं, दहा मिनिटं. ते झाल्याशिवाय घरात जायचं नाही.

हे सगळं सोपं आहे, आणि ते न कळण्याइतका तू लहान नाहीस. अवघड आहे ते तू शेवटी लिहिलंयस: मला बोलावणार कोण.

मी इथे १९९७ साली आले. पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याची शनिवार-रविवारी ड्युटी असायची आणि मी घरात एकटी. रविवारी दुपारी दोन-अडीचला घर इतकं शांत व्हायचं की फ्रिजचा आवाज नको वाटायचा. मग मी कोट चढवून शहरात जायची आणि ती जुन्या धाटणीची, फुकटची सिटी सर्कल ट्राम असते ना, तिच्यात बसायची. एक फेरी, दुसरी फेरी. कुठे जायचं नव्हतंच. फक्त माणसांत बसायचं होतं. एकदा कंडक्टरने विचारलं, 'चुकलात का?' मी 'हो' म्हटलं आणि उतरले. घरी येऊन खूप रडले. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी रिकाम्या शनिवारची भीती कशी वाटते ते मला सांगू नकोस. परदेशात आठवडा कामात निघून जातो, खायला उठतात ते हे दोन दिवस. ते भरून काढायला माणूस काहीही कबूल करतो. तू स्टिअरिंग कबूल केलंस.

पण त्यात एक घोळ झाला. गाडी पुढे करत राहिलास म्हणून ते चौघं तुझे मित्र आहेत की गाडीचे, हे कळायची संधी तू स्वतःलाच दिली नाहीस. मला विचारशील तर त्यातले निदान दोघं तुझे आहेत. तुझ्या पत्रात मागच्या पानावर, अगदी ओझरतं, एक वाक्य आहे: तुला ताप भरला होता तेव्हा तुझ्या एका रूममेटने तीन दिवस मुगाची खिचडी करून घातली. खिचडी करणारा माणूस गाडीसाठी थांबलेला नसतो. उरलेल्यांपैकी कुणी लांब जाईलही. जाऊ दे. वाईट वाटेल, काही दिवस जास्तच वाटेल, पण तेवढं तुला झेपेल.

रूममेट दोघंही इथे वर्षाच्या वर आहेत आणि 'लायसन्सचं बघू' म्हणतायत, असंही लिहिलंयस. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना आपल्या या व्हिक्टोरिया राज्यात परदेशातलं लायसन्स सहा महिनेच चालतं. पुढे इथलं घ्यावं लागतं, आणि आपलं भारतातलं असेल तर परीक्षा देऊनच. ते चालढकल करतायत कारण त्यांना गरजच पडत नाही, तू आहेस ना! खिचडीवाल्याला सांग, 'मला दुसरा ड्रायव्हर हवाय, तू परीक्षेची तारीख घे.' दोन महिने रोज सांगावं लागलं तरी सांग. आणि लायसन्स आलं की त्याच्या हातात किल्ली द्यायच्या आधी विमा कंपनीला त्याचं नाव कळव, नाहीतर काही झालं तर भुर्दंड तुझ्याच माथी.

तोवर एका दिवसात लांबवर जाऊन येणं बंद. लांब म्हणजे मुक्कामाचंच, आणि तेही महिन्यातून एकदा. एरवी जवळपास काय कमी आहे? तू आगाशिवच्या डोंगरावर पहाटे चढणारा मुलगा, आणि तुमच्या घरापासून तासाभराच्या आत यू यँग्ज आहेत, तिकडे तुम्ही अजून फिरकलाही नाहीत! मोकळ्या माळावर उठलेले ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. फ्लिंडर्स पीकवर चढलास की एका बाजूला जिलाँग, दुसऱ्या बाजूला मेलबर्न आणि मध्ये आख्खी खाडी पसरलेली. नाहीतर वेरिबी नदीच्या कडेने चाला. बागांमधून फुकटचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात. मक्याची कणसं, पनीर, कांद्याच्या चकत्या घेऊन जा आणि तीन तास तिथेच बसा. तवा मात्र वापरून झाल्यावर पुसून ठेवा, मागून येणाऱ्यासाठी.

महिन्यातला एक शनिवार-रविवार कुठेच जायचं नाही. त्या रविवारी सकाळी अकरा वाजता आईला फोन कर. सध्या हिवाळ्याची वेळ आहे, साडेचार तासांचा फरक. म्हणजे कऱ्हाडला साडेसहा, आई चहा टाकत असेल. ती रात्री जेवणं आटपून साडेनऊला फोन लावते तेव्हा तुझ्याकडे दोन वाजलेले असतात आणि तू सहलीहून येऊन आडवा झालेला असतोस. पत्रात तू हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाहीस, पण दोनदा लिहिलंयस.

आणखी एक. ग्रेट ओशन रोडवर तू चार वेळा गेलास आणि 'मला तिथलं फारसं आठवतच नाही' म्हणतोस. कसं आठवेल? टॉर्कीला हा रस्ता सुरू होतो, तिथून पश्चिमेला निघालं की समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला असतो आणि इथे चालवणारा बसतो उजवीकडे. त्यात ती वळणं, समोरून येणाऱ्या बस. तू रस्ता बघितलास, समुद्र त्या चौघांनी बघितला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो रस्ता १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खणला, गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिच्याखाली सगळ्यांचे फोटो तू काढलेस. तुझा एकही नाही, असं लिहिलंयस.

म्हणून या वेळी गाडी घरी ठेव. टार्नीट स्टेशन जिलाँगच्याच लाइनवर आहे. तिथून जिलाँगला ट्रेनने जा आणि जिलाँगहून लोर्नवरून अपोलो बेला जाणारी व्ही/लाइनची, म्हणजे इथल्या सरकारी रेल्वे-बस सेवेची, बस पकड. २०२३ पासून गावोगावच्या या गाड्यांनाही शहरातल्या दिवसभराच्या भाड्याइतकाच खर्च येतो. शनिवार-रविवारी बस मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघ आणि अपोलो बेला एक रात्र मुक्काम ठेव. चौघांना सांग, 'मी असा जातोय, येताय का?' येतील ते येतील. कुणीच नाही आलं, तरी तू जा.

बस लागली की आधी चढ, आणि डाव्या बाजूची खिडकी धर.

तुझी,
ताई