वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि काल्पनिक नकाशा

प्रश्न असा आहे: काल्पनिक राज्यावरच्या कादंबरीत गावांच्या नावांपुढे ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ लावले तर चालेल का, आणि त्यांचा नेमका अर्थ काय?

दोन्ही शब्द फारसी. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, मोठा. मराठी तोंडात त्याचं ‘बुद्रुक’ झालं. उत्तर प्रदेशातल्या गावांच्या नावांत तो ‘बुजुर्ग’च राहिला आहे. ‘खुर्द’ म्हणजे लहान. एका नावाची दोन गावं झाली की दप्तरात मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी जोडी आहे. कागदोपत्री नुसतं ‘बु॥’ आणि ‘खु॥’ लिहितात. बुद्रुक म्हणजे गावंढळ, हा समज साफ चुकीचा.

खरी गंमत शब्दाच्या जागेत आहे. मराठीत विशेषण आधी येतं: थोरलं वडगाव, धाकटं वडगाव. इथे मात्र ते नावानंतर आलं, कारण फारसीची रीतच तशी. म्हणजे गावाच्या पाटीवर परक्या राजवटीचं व्याकरण शिल्लक आहे! नकाशा रचणाऱ्याने उचलावी ती ही गोष्ट. तुमच्या जगात फारसी कधी पोचलीच नसेल तर बुद्रुक लावू नका, वाचक तिथेच अडखळेल. जेत्यांच्या भाषेत ‘मोठा’ आणि ‘लहान’ यांसाठी दोन शब्द घडवा, समजा ‘ओरम’ आणि ‘तिश’. मग ‘जांभूळगाव ओरम’, ‘जांभूळगाव तिश’. बोलताना म्हातारी माणसं अजून ‘थोरलं जांभूळगाव’च म्हणतील, आणि तीन-चार पिढ्यांनी ओरमचं ‘वरम’ होईल.

नवशिक्यांच्या नकाशात हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक गावाला वेगळं, भारदस्त नाव. खरी नावं साधी असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. वडाचं झाड कुठेही असतं, म्हणून वडगावं ढिगाने. मग ओळखीसाठी मुलुख जोडून वडगाव मावळ, घराणं जोडून वडगाव निंबाळकर. तीस गावं असतील तर वीसेक नावं झाड, पाणी, दगड यांवरून ठेवा, त्यातलं एक मुद्दाम तीनदा वापरा.

शेवटचे प्रत्ययही झिजू द्या. ‘नगर’चं ‘नेर’ झालं (संगमनेर), ‘पल्ली’ची ‘वली’ (कांदिवली). जुन्या वस्तीला झिजलेला प्रत्यय द्या, नव्या वसाहतीला अख्खा.