रिपोर्ट चांगले, तरी माणूस थकलेला

प्रश्न : माझे मिस्टर दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. रिपोर्ट ठीक असतात, पण घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. सासूबाईंना तो आळस वाटतो. डॉक्टरांनी विचारलं की हे 'बरं आहे' म्हणून मोकळे होतात. थकवा मोजता येतो का? किडनी बदलल्यावर तो जाईल का?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा, हा आळस नाही. अठरा वर्षं मी डायलिसिसच्या खोलीत नर्स आहे. एक निवृत्त शिक्षक मशीनवरून उतरले की बाकावर बसून चप्पल घालायचे. एक पाय घातला की थांबायचे, दम घ्यायचे, मग दुसरा. 'कसं वाटतंय सर?' म्हटलं की 'उत्तम!' त्यांचं हिमोग्लोबिन मी दर महिन्याला लिहीत होते. ती चप्पल मात्र कुठेच लिहिली नाही, याची मला आजही खंत आहे.

थकवा रक्तात सापडत नाही, तो विचारूनच मोजावा लागतो. 'साँग' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात रुग्ण, त्यांच्या घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलं की हीमोडायलिसिसवरच्या, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्यावरच्या, प्रत्येक संशोधनात थकवा मोजलाच पाहिजे. त्यासाठी त्यांनी तीनच प्रश्नांची मोजपट्टी केली. गेल्या आठवड्यात थकवा किती होता, अंगात ताकद नाही असं किती वाटलं आणि थकव्यामुळे रोजची कामं किती अडली? प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 9. आकडा जितका मोठा, तितका थकवा जास्त.

आठवड्याचा एक वार ठरवा आणि वहीत हे गुण मांडा. गुण त्यांनीच द्यायचे, तुम्ही नाही! शेजारी आणखी एक नोंद ठेवा : डायलिसिसनंतर पूर्ववत वाटायला किती तास लागले. त्या दिवशी मशीनने अंगातलं किती पाणी काढलं, बीपी उतरलं का, हेही लिहा. जास्त पाणी काढलेल्या दिवशीच माणूस आडवा होत असेल, तर डॉक्टरांना ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं ठरवलेलं वजन), मशीनवरचा वेळ, दोन डायलिसिसमधलं वाढणारं वजन यांचा विचार करता येतो. रोजच थकवा असेल तर हिमोग्लोबिन, लोह, रात्री पायांत होणारी वळवळ, घोरताना अडकणारा श्वास आणि मनाची उदासी, सगळंच तपासायला हवं. उदासीबद्दल विचारायला आपण फार कचरतो. तसं करू नका.

किडनी बसवल्यावर बऱ्याच जणांना हुरूप येतो, पण सगळ्यांचाच थकवा जात नाही. स्टिरॉइडने झोप उडते, काही औषधांनी रक्त कमी होतं, संसर्गही थकवतो. म्हणून वही तेव्हाही चालू ठेवा. फक्त औषधं स्वतःहून कमी करायची नाहीत, एक दिवससुद्धा नाही.

पुढच्या तपासणीला जाताना वहीचं पान फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. मिस्टर 'बरं आहे' म्हणाले तरी डॉक्टरांची नजर त्या आकड्यांवर जाईल.