कॉन्सर्ट ग्रँड वाजवताना खरंच एवढा फरक जाणवतो का?

तुम्ही विचारलंय की घरचा डिजिटल पियानो चांगला वाजत असताना कोटीच्या घरातल्या कॉन्सर्ट ग्रँडवर, म्हणजे मैफलीच्या हॉलमधल्या आडव्या तारांच्या मोठ्या पियानोवर, बोटांना खरंच काही वेगळं लागतं का, की नुसतं नावाचं कौतुक. मला एकदाच वाजवायला मिळालाय, दक्षिण मुंबईतल्या एका हॉलमध्ये, स्टाइनवे कंपनीचा मॉडेल डी नावाचा ग्रँड. तिथले ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारे, ओळखीचे होते, त्यांचं काम संपल्यावर त्यांनी विचारून अर्धा तास बसू दिलं. खूप फरक आहे, एवढं खात्रीने सांगतो.

274 सेंटीमीटर लांब, वजन 480 किलोच्या आसपास, त्यामुळे आवाज मोठा असणार हे धरूनच बसलो होतो आणि तो आहेच. पण मला गप्प केलं ते हळू वाजवताना. माझ्या दादरच्या घरी जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा छोटा पियानो आहे, त्याच्यावर एका मर्यादेच्या खाली पट्टी हळू दाबली की हॅमर, म्हणजे तारेवर पडणारी आतली छोटी हातोडी, तारेपर्यंत पोचतच नाही, सूर गायब. इथे मी हळू, अजून हळू, अजून हळू करत गेलो आणि दर वेळी सूर होताच, बारीक पण भरलेला, लांबच्या खोलीत कोणीतरी गातंय तसा. घरी मला हळूचे दोन-तीन प्रकार जमतात, तिथे किती होते ते मोजताच येईना.

दुसरं म्हणजे तीच पट्टी पुन्हा पुन्हा भराभर वाजवणं. ग्रँडमध्ये हॅमर खालून वर तारेवर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो, शिवाय एरार्ड नावाच्या फ्रेंच कारागिराने 1821 मध्ये पेटंट केलेली रचना अशी आहे की पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच पुन्हा दाबता येते. अपराइटमध्ये ही सोय नसते, पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. इतकी वर्षं मला वाटायचं माझं बोटच मंद आहे, तिथे तेच बोट सहज चाललं.

आणि खर्ज! मी लहानपणी पेटी शिकलोय, आजोबा गायचे, तानपुरा घरातच होता. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तस्सा तिथे मंद्रातली एक पट्टी दाबून धरली तर ऐकू आला, आपण न वाजवलेला. छोट्या पियानोत खालच्या तारा आखूड आणि जाड असतात म्हणून मूळ सुरासोबत त्यांच्यातून आपोआप निघणारे वरचे स्वर थोडे सरकतात आणि आवाज गढूळ होतो, इथे तारा लांब असल्यामुळे ते जवळजवळ जागच्या जागी राहतात. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर टिकतो आणि मग तुटतो, पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो, पण इतक्या मोठ्या वाद्यात तो विरायला एवढा वेळ घेतो की शेवट ऐकत बसावंसं वाटतं. मी अर्ध्या तासातली दहा मिनिटं तरी एकेक सूर ऐकण्यात घालवली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

डावा पेडल पण वेगळाच. दाबला की अख्खा कीबोर्ड किंचित बाजूला सरकतो, वरच्या सुरांना तीन तारा असतात त्यातल्या दोनांवरच हॅमर पडतो, त्यामुळे आवाज कमी तर होतोच पण त्याचा रंग पण बदलतो. अपराइटचा डावा पेडल फक्त हॅमर तारांच्या जवळ आणतो.

एक मात्र आहे, हे वाद्य काहीच झाकत नाही. माझं चौथं बोट कमजोर आहे, घरी कोणाला कळत नाही, तिथे प्रत्येक ओळीत तो एक सूर मागे पडलेला स्वच्छ ऐकू येत होता. घरी आल्यावर महिनाभर मी तेवढंच सुधारत होतो.

आणि हो, मुंबईच्या हवेत असं वाद्य सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, माझ्याकडे जुलैत दोन-तीन पट्ट्या चिकटतातच, त्यामुळे असा पियानो एसी आणि ठरलेली आर्द्रता असलेल्या खोलीतच ठेवावा लागतो.

संधी मिळाली, धोबीतलावच्या एखाद्या दुकानात छोटा ग्रँड जरी बघायला मिळाला, तरी लगेच पाठ केलेला पीस वाजवायला घेऊ नका. खालचा एक सा आवाज न करता दाबून धरा, मधला सा पटकन वाजवून सोडा आणि ऐका, खालची तार न वाजवता वरच्या सा मध्ये गायला लागते.